ग्लूटेन-फ्री केकच्या भांड्याला मैदा कशाला?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतली ग्लूटेन-फ्री (म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लूटेन हे चिकट प्रथिन नसलेल्या) केकची कृती वाचली. तांदळाचं पीठ, बदामाची पूड, अंडी, सगळं जिथल्या तिथे. आणि शेवटी काय, तर ‘भांड्याला लोणी लावून वर चमचाभर मैदा भुरभुरवा.’ अहो, मैदा म्हणजे गहूच की!

माझ्या नातीला सीलिअॅक हा आजार आहे. हे वजन उतरवायचं खूळ नव्हे. गहू, बार्ली किंवा राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. कोडेक्स या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लूटेन-फ्री पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. एक ग्रॅम मैद्यात ते साधारण ८० मिलिग्रॅम असतं. त्या चमच्यातला एवढासा, ग्रॅमभर मैदा किलोभर केकला चिकटला तरी मर्यादेच्या चौपट झालं. ओव्हनच्या आचेने ते नाहीसंही होत नाही. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे आम्ही घरच्यांकडूनच इतकं ऐकतो, आता छापूनही आलं!

भांड्याला तांदळाचंच पीठ लावा, नाहीतर बेकिंग पेपर घाला. काम भागतं.

कृतीबद्दलही थोडं. नुसत्या तांदळाच्या पिठाचा केक दाताखाली कचकचतो आणि सुरी लावली की भुगा होतो. आमच्याकडे दोन वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी ज्वारीचं आणि एक वाटी टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्याचा करतात ते पीठ) असं मिश्रण करून ठेवलेलं असतं. वाटीमागे अर्धा छोटा चमचा इसबगोलाची पूड घालते. ग्लूटेनचा चिकटपणा नसतो, तेव्हा पीठ धरून ठेवायला काहीतरी हवंच. कुकीजचं पीठ भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं की तांदूळ पाणी पितो आणि ती कचकच बरीच जाते. ट्रे बाहेर काढल्यावर लगेच हात लावू नये, गरम असताना त्या मोडतात. गार झाल्या की आपोआप घट्ट होतात. बदामाची पूड असेल तर आच जरा कमी, कारण ती लवकर करपते.

चाळणी मात्र वेगळी हवी. मैदा चाळलेली चाळणी कितीही धुवा, जाळीच्या कडेला पांढरी रेघ राहतेच. लाकडी लाटण्याचंही तेच. गव्हावर दळलेली ज्वारी आमच्या कामाची नाही, आणि काही बेकिंग पावडरमध्येही गव्हाचा स्टार्च असतो, म्हणून डब्यावरचं बारीक अक्षर वाचावं लागतं.

कुणी ते कात्रण कापून फ्रिजवर लावलंही असेल. तेव्हा येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– आपली नेहमीची वाचक, एक आजी