स्मार्ट टीव्ही आला, आता वर्गात खेळ कसे घ्यायचे?

घाटकोपर, मुंबई

प्रिय संगीता,

तुमच्या शाळेला स्मार्ट टीव्ही मिळाला हे वाचून फार आनंद झाला. त्यावर खेळ कसे घ्यायचे असं तू विचारलं आहेस. फोनवर हे नीट बोलून होणार नाही, म्हणून लिहायलाच बसले.

माझं ऐकशील तर सुरुवात टीव्हीपासून नको, प्लिकर्स नावाच्या मोबाईल ॲपच्या कार्डांपासून कर. प्रत्येक मुलाला काळ्या चौकटींची नक्षी छापलेला एक कागद द्यायचा. कोणाचीही नक्षी दुसऱ्यासारखी नसते. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी असतं. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कागद धरायचा. आपण त्या ॲपमधून मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय ते आपल्याला दिसतं, शेजारच्याला दिसत नाही. मुलांना मोबाईल लागतच नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन आहे आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. त्यामुळे मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

पाचवीला विचारलं, १/३ मोठा की १/४? हात वर करायला सांगितले असते तर नेहमीच्याच चार मुली बोलल्या असत्या आणि मी पुढे गेले असते. कार्डांनी दाखवलं की वर्गातल्या कितीतरी जणांना १/४ मोठा वाटतोय, कारण चार तीनपेक्षा मोठे. मी उत्तर सांगितलं नाही. ‘शेजारच्याला पटवून दे,’ म्हटलं आणि पुन्हा कार्डं वर करायला लावली. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून कॉलेजच्या मुलांना असंच शिकवत आले आहेत. आधी एकट्याने उत्तर, मग चर्चा, मग पुन्हा उत्तर. पाचवीतही ते जमतं. त्या पाच मिनिटांत वर्गात जो गलका होतो तो होऊ दे, तो अभ्यासाचाच असतो.

काहूटसारखे ऑनलाइन प्रश्नमंजुषेचे खेळ मुलांना वेडच लावतात, ते घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण त्यात भराभर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण असतात आणि पडद्यावर पहिले नंबर झळकतात. विचार करून उत्तर देणारं मूल मागे पडतं आणि हळूहळू खेळातून मन काढून घेतं. मी घड्याळ सैल ठेवते आणि शक्यतो गटाने खेळवते. बक्षिसं तर नकोतच. १९७३ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्राबद्दल प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे आपणहून कमी चित्रं काढू लागली. वर्गात चॉकलेटं वाटताना मला हे आठवतं आणि हात थांबतो.

खेळाची मजा विषयातच असायला हवी. आमच्या मुलांनी मध्य रेल्वेचा पट बनवलाय. बोरीबंदर ते ठाणे, जिथे १८५३ मध्ये आपली पहिली प्रवासी गाडी धावली, ते अंतर ३४ किलोमीटर. स्लो लोकलला साधारण तास लागतो, मग सरासरी वेग किती? ‘बाई, गाडी तर केवढी जोरात जाते, चौतीसच कसा?’ यावर जुंपली, आणि थांब्यांचा वेळही धरायचा असतो हे त्यांचं त्यांनीच काढलं. पुठ्ठा, स्केचपेन आणि फासे, बस्स.

मग टीव्ही कशाला? फळ्यावर जे दाखवता येत नाही त्याला. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचे ‘फेट’ नावाचे, पडद्यावर करून बघायचे प्रयोग फुकट आहेत, बरेचसे मराठीतही आहेत आणि उतरवून ठेवले की नेट नसतानाही चालतात. त्यात विजेचं सर्किट जोडायच्या आधी ‘दिवा लागेल का?’ हे कार्डांवर विचार, मगच बटण दाब. आधी पैज लावलेली असली की मुलं पडद्याकडे डोळे लावून बसतात. आणि तेच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचार, पुस्तक मिटून. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेलं जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलंय.

कार्डं जाड कागदावर छाप. चकचकीत लॅमिनेशन करू नकोस, उजेड पडला की मोबाईलला नक्षी वाचता येत नाही. अपूर्णांकांचे माझे प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवते. तुझी मुलं कुठल्या प्रश्नावर दुभंगतात ते मला नक्की कळव.

तुझी,
वर्षा