चांगली गाडी कापायची कशाला?

बरबँक, कॅलिफोर्निया
फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अण्णाकाका यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पोहोचले. काकूंच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरे वाटले. मागच्या खेपेस पाठवलेले हिरव्या मर्क्युरी मोटारीचे छायाचित्र पाहून तुम्ही विचारले आहे, की कंपनीने नीट बनवून दिलेली गाडी कापायची, तिचे छप्पर वीतभर खाली आणायचे आणि मग तिलाच सोळा कोटी रुपये मोजायचे, हा कोणत्या गावचा शहाणपणा? उद्यमनगरात उभे आयुष्य लेथवर काढलेल्या माणसाने तसे विचारणे स्वाभाविक आहे. तरीही माझे म्हणणे असे आहे, की या गाड्यांची, मग त्या वेगासाठी बदललेल्या ‘हॉट रॉड’ असोत वा रूपासाठी बदललेल्या ‘कस्टम’, खरी किंमत कापाकापीची नसून तुमच्यासारख्यांच्या हातकामाची आहे, आणि ते तुम्हांलाच पटवणे सर्वांत सोपे जावे.

सुरुवात १९३२ च्या फोर्डपासून करावी लागते, कारण इथल्या जाणत्या मंडळींना आवडती गाडी विचारली की दहातले निम्मे तरी तिचेच नाव घेतात. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हेन्री फोर्डने आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवले. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची चैन होती. दोन्ही बाजूंची सिलिंडरे आणि क्रँककेस एकाच ओतकामात काढणे हे त्या काळी फाउंड्रीवाल्यांना अशक्यप्राय वाटे. फोर्डच्या कारखान्यातही सुरुवातीला पुष्कळ ब्लॉक भंगारात गेले. पण ते एकदा जमल्यावर २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन असलेली उघडी रोडस्टर पाचशे डॉलरच्या आत मिळू लागली, आणि तीही महामंदीच्या ऐन काळात. काही वर्षांतच या गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांच्या हाती पडल्या.

या इंजिनाला फ्लॅटहेड म्हणतात. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या बाजूला असतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसते सपाट झाकण. उघडायला सोपे, समजायला सोपे, पण दोष मोठा: जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या पोकळीतून जातात आणि मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट असते. साहजिकच पुष्कळ उष्णता पाण्यात उतरते आणि इंजिन तापते. हे दोष दूर करता करता दक्षिण कॅलिफोर्नियात एक अख्खा धंदा उभा राहिला. व्हिक एडेलब्रॉक हे मूळचे कॅन्ससचे मेकॅनिक. त्यांनी आपल्या १९३२ च्या रोडस्टरसाठी दोन कार्ब्युरेटर बसतील असे इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोहोचवणारा नळ्यांचा सांगाडा, तयार केले, आणि पुढे त्यांची पंख्यांच्या पाकळ्यांसारख्या फिनांची ॲल्युमिनियमची हेडे देशभर गेली. एड इस्केंडेरियन या आर्मेनियन घरातल्या मुलाने साध्या ग्राइंडरमध्ये फेरफार करून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम घासण्याचे स्वतःचे यंत्र उभे केले. सिलिंडर बोअर करायचे, पुढे मर्क्युरीचा चार इंच स्ट्रोकचा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, पोर्ट हाताने घासून मोठे करायचे, हेड मिल करून कॉम्प्रेशन वाढवायचे: यातले एकही काम तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही. मला तर त्या कथा वाचताना आपल्या गल्लीतल्या फाउंड्रीचा आणि कूलंटचा वास आल्याखेरीज राहत नाही.

हा सगळा खटाटोप चालायचा तो वेगासाठी. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस, डोंगर ओलांडला की मोहावीचे वाळवंट लागते आणि त्यात कोरड्या पडलेल्या तलावांचे सपाट, टणक तळ आहेत. शनिवारी रात्री पोरे तिकडे जात, मडगार्ड, पुढची काच, दिवे, जे जे वजन वाढवते ते ते काढून ठेवत आणि पहाटेच्या थंड हवेत घड्याळ लावून गाडी पळवत. धूळ इतकी उठे की मागच्याला पुढचा दिसत नसे. अपघात होत, माणसे मरत. म्हणून १९३७ मध्ये निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि शर्यतींना नियम लावले. म्युरॉकचा सर्वांत मोठा तलाव लष्कराने घेतला. तिथे आज एडवर्ड्स हवाई तळ आहे. एल मिराजच्या तलावावर मात्र तीच संस्था अजूनही शर्यती भरवते. आमच्या शेजारचे आजोबा, जे विमानाच्या कारखान्यातून टूल-अँड-डायच्या कामावरून निवृत्त झाले आहेत, मला तिथे घेऊन गेले होते. तिथल्या गाड्यांना ना चकाकी, ना गादी; पण प्रत्येक नटाला सेफ्टी वायर ओवलेली. माझे मन सर्वांत जास्त रमले ते तिथेच.

विमानांचा उल्लेख आला म्हणून सांगते, की दुसऱ्या महायुद्धाने या छंदाला जे दिले ते कंपन्यांनी कधीच दिले नाही. बरबँकला लॉकहीड, सांता मोनिकाला डग्लस, अशा कारखान्यांत हजारो तरुण वेल्डिंग आणि पत्रेकाम शिकले, सैन्यात गेलेले परतले ते यंत्रांची भीती मोडूनच. बिल बर्क नावाच्या गृहस्थांनी पॅसिफिकमध्ये लढाऊ विमानांच्या पोटाखाली टांगलेल्या इंधनाच्या जादा टाक्या पाहिल्या होत्या. थेंबाच्या आकाराच्या त्या टाक्या युद्धानंतर भंगारात मिळू लागल्या, तेव्हा १९४६ मध्ये त्यांनी त्यातलीच एक घेऊन तिच्यात इंजिन बसवले आणि गाडी केली. आमच्याच गावात त्या वर्षी ॲलेक्स झिडियस यांनी सैन्यातून सुटका झाल्याच्या दिवशीच सो-कॅल स्पीड शॉप हे दुकान उघडले. त्यांच्या टाकीच्या गाडीने पुढे १९५२ मध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांचा वेग गाठला, म्हणजे जवळपास ३१९ किलोमीटर. ही गाडी विमानाच्या भंगारातून झाली होती, हे लक्षात घ्या.

आता तुमच्या हिरव्या मर्क्युरीकडे येते. ती शर्यतीची गाडी नव्हे. ती कस्टम, म्हणजे रूपासाठी घडवलेली. १९५१ ची मर्क्युरी बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या तरुणाची, आणि काम केले ते १९५२ मध्ये सॅम आणि जॉर्ज या बॅरिस बंधूंच्या लिनवुडच्या दुकानात. तुम्ही म्हणता तसे छप्पर नुसते कापून खाली बसवले असते तर तुमचा आक्षेप रास्तच ठरला असता. पण गाडीचे खांब सरळ उभे नसतात. ते वर जाताना आत झुकतात. मधून काही इंचांचा तुकडा काढला की वरचा भाग खालच्यावर बसतच नाही, चारही बाजूंनी चुकतो. मग कुठे छप्पर कापून लांब करायचे, कुठे खांब कलते करायचे, काचही त्याच मापाने कापायची. या गाडीचे छप्पर पुढून चार इंच आणि मागून सात इंच खाली आणले आहे, त्यामुळे छपराची सगळी रेघच मागे वाहत जाते. मधला खांब तर काढूनच टाकला. मागचे दिवे लिंकनचे, बाजूची चकचकीत पट्टी ब्यूकची, आणि तरी पाहणाऱ्याला सांधा कुठेच सापडत नाही.

सांधा न दिसण्याचे रहस्य म्हणजे शिसे. त्या काळी आजच्यासारखी पुट्टी नव्हती. वेल्डिंग केलेला जोड घासून लख्ख करायचा, त्यावर फ्लक्स लावून कथलाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे चक्क कल्हई करायची, आणि मग शिसे-कथलाची कांडी तापवून त्यावर चढवायची. सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील असलेला हा मिश्रधातू १८३ अंशांना मऊ पडू लागतो, पण अडीचशेच्या पुढे गेल्याखेरीज पूर्ण पातळ होत नाही. या दोहोंमधल्या अवस्थेत तो लोण्यासारखा राहतो आणि चरबी लावलेल्या लाकडी थापीने हवा तसा लिंपता येतो. ज्योत थोडी जास्त लागली की सगळे खाली गळून पडते, थोडी कमी पडली की चिकटत नाही. शेवटी मोठ्या वक्र दात्यांच्या कानशीने आकार काढायचा. पॉलिश पेपर वापरायचा नाही, कारण शिशाची धूळ फुप्फुसात जाते. शेजारच्या आजोबांनी मला दाराच्या एका जुन्या पत्र्यावर हे करून दाखवले. बोलणे बंद, नजर ज्योतीच्या टोकावर.

या मर्क्युरीचे पुढचे आयुष्यही ऐकण्यासारखे आहे. हिरोहाटांनी तिच्यात कॅडिलॅकचे इंजिन घालून १९५३ मध्ये ती कॅलिफोर्नियाहून इंडियानापोलिसपर्यंत चालवत नेली. म्हणजे ती केवळ मिरवायची वस्तू नव्हती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली आणि १९५९ मध्ये जिम मॅकनील नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने पाचशे डॉलरला घेतली. त्या मुलाने ती जन्मभर सांभाळली, स्वतः दुरुस्त केली, आणि त्यांच्या पश्चात २०२२ मध्ये लिलावात तिला कमिशनसह एकवीस लाख पंचेचाळीस हजार डॉलर आले. तुमचे सोळा कोटी ते हेच. कंपनीच्या मूळ रूपातल्या १९५१ च्या मर्क्युरीला याच्या जवळपासही भाव मिळत नाही. फरकाची सगळी रक्कम बॅरिस बंधूंच्या हाताची आहे.

असेच एकदा उच्चभ्रू मंडळींनाही मान तुकवावी लागली. पेबल बीचला दरवर्षी राजेमहाराजांच्या तोलाच्या जुन्या मोटारींची स्पर्धा भरते. १९९७ मध्ये तिथे पहिल्यांदा हॉट रॉडचा वेगळा वर्ग ठेवला, आणि तो जिंकला डोन स्पेन्सर यांनी १९४० च्या दशकात घडवलेल्या १९३२ च्या काळ्या रोडस्टरने. मधोमध दुभंगलेली तिची पुढची तिरपी, ‘ड्युव्हाल’ घाटाची काच मी संग्रहालयातल्या छायाचित्रांत कितीदा तरी पाहिली असेल. माझ्या मते त्या गाडीत एक रेघही जास्तीची नाही. याउलट आमच्या पोमोनाच्या ग्रँड नॅशनल रोडस्टर शोमध्ये, जो १९५० पासून उत्कृष्ट रोडस्टरला सुमारे नऊ फुटी चषक देत आला आहे, अलीकडे काही गाड्या ट्रेलरवरून येतात, खाली आरसे लावून ठेवतात आणि रस्ता न पाहताच परत जातात. काम निर्दोष असते, हे खरे. पण ज्या इंजिनाला कधी तेलाचा डाग लागला नाही त्याचे कौतुक करताना माझी जीभ अडखळते.

तुमचा दुसरा प्रश्न पासिंगचा, की अशा कापलेल्या गाडीला रस्त्यावर आणायची परवानगी मिळते कशी. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, म्हणून तुम्हांला नवल वाटले असणार. इथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे. शिवाय घरी घडवलेल्या गाड्यांसाठी राज्य दरवर्षी फक्त पाचशे दाखले देते, ज्यांत गाडी ज्या सालच्या गाडीसारखी दिसते त्या सालचे धुराचे नियम लागतात, आणि ती कशासारखीच दिसत नसेल तर १९६० साल धरतात. अर्थात कायदा इथेही नेहमी उदार नव्हता. मेक्सिकन वंशाची मंडळी गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आणून सावकाश मिरवत. १९५८ पासून कॅलिफोर्नियाने नियम केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळाखाली जाता कामा नये. त्यावर रॉन अगिरे यांनी १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानाचे जुने हायड्रॉलिक पंप लावले: पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. त्यातून अशा खाली बसणाऱ्या गाड्यांची, म्हणजे लोरायडरांची, अख्खी परंपरा फुलली. पूर्व लॉस एंजेलिसच्या जेसी वालादेझ यांची गुलाबी, अंगभर गुलाब रंगवलेली १९६४ ची इम्पाला ‘जिप्सी रोझ’ आज राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत आहे, आणि तुमची हिरवी मर्क्युरीही त्याच वहीत आहे. अशा गाड्यांनी रस्त्यावर सावकाश मिरवण्यावर गावोगावी बंदी होती, ती राज्याने १ जानेवारी २०२४ पासून उठवली.

चि. ओंकारला सांगा, की त्याच्या हॉट व्हील्सच्या डब्यात बुडबुड्यासारख्या काचेची ‘बीटनिक बँडिट’ असेल तर ती खरोखरच्या गाडीची प्रतिकृती आहे. एड रॉथ यांनी ती १९६१ च्या सुमारास फायबरग्लासने घडवली आणि १९६८ मध्ये निघालेल्या पहिल्या सोळा खेळण्यांत तिचा समावेश होता. मला स्वतःला ती फारशी आवडत नाही, पण त्याला आवडेल.

या पत्रासोबत फ्लॅटहेडच्या उघड्या ब्लॉकची आणि शिशाच्या कामाची छायाचित्रे पाठवत आहे. ब्लॉकच्या चित्रात मधल्या दोन व्हॉल्व्हच्या मधोमध एक बारीक तडा आहे. इथले लोक तो ओतीव लोखंडाच्या पिनांनी, वेल्डिंग न करता, एकीत एक गुंतवून बंद करतात. उद्यमनगरात असे काम पूर्वी ऑइल इंजिनांच्या ब्लॉकवर कोणी करत होते का, आणि पिनांचा पिच किती ठेवत, हे आठवून कळवावे. शेजारचे आजोबा उत्तराची वाट पाहत आहेत.

काकूंना साष्टांग नमस्कार, चि. ओंकारला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली पुतणी,
वैशाली