वकीलताई, तुम्ही आधी डीडी-२१४ मागितलंत म्हणून

ताई, फी तुम्ही घेतली नाहीत, थँक्यू म्हणायला लागलं की "अहो राहू द्या" म्हणून फोन ठेवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ठेवा फोन!

गाडीचा मागचा एक लाइट गेला होता, एवढंच. दादाला थांबवलं, लायसन्सही एक्स्पायर झालेलं, म्हणून आत नेलं, बोटांचे ठसे घेतले आणि ते ठसे तिथून इमिग्रेशनच्या सिस्टीमपर्यंत जातातच, तर त्यात निघाली इराकहून आल्यावर डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हाची ड्रग्ज जवळ सापडल्याची जुनी केस. झालं. घरी यायच्या ऐवजी इमिग्रेशनचा होल्ड लागला (म्हणजे सोडू नका, आमच्या ताब्यात द्या) आणि तिथून थेट डिटेन्शन सेंटर. शाळेत असताना आईबाबांबरोबर आलेला, ग्रीन कार्डवाला, अमेरिकेच्या आर्मीतून लढून आलेला माणूस! भरतीची शपथ घेतली म्हणजे आपण सिटिझन झालोच असं त्याला वाटायचं, आणि असं वाटणारे कितीतरी जण आहेत हे तुमच्याकडून कळलं.

इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही. जिथे फोन केला तिथे आधी ॲडव्हान्सचा आकडा. तुम्ही पहिलं काय विचारलंत, "त्याचं डीडी-२१४ कुठाय?" आईने ते आर्मीतून डिस्चार्ज मिळाल्याचे कागद पैठणीच्या घडीत ठेवलेले (तिची सगळी महत्त्वाची कागदपत्रं तिथेच असतात). त्यावर "ऑनरेबल", म्हणजे सन्मानाने सोडलंय, असं वाचल्यावर तुमचा आवाजच बदलला. मग नीट समजावलंत की ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या काळात आर्मीत नोकरी केलेल्याला डिपोर्टेशनची, म्हणजे देशाबाहेर काढायची, केस चालू असतानासुद्धा सिटिझनशिपचा अर्ज करता येतो, त्या अर्जाची (एन-४०० फॉर्मची) फीसुद्धा पडत नाही, आणि जुन्या ग्रीन कार्डवाल्याला जजकडे डिपोर्टेशन रद्द करून मागता येतं, तिथे आर्मीतली नोकरी जमेला धरतात. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो!

सरकारी ऑडिटचा २०१९ चा रिपोर्ट तुम्हीच पाठवलात, २०१३ ते २०१८ मध्ये साधारण २५० व्हेटरन्सवर, म्हणजे माजी सैनिकांवर, डिपोर्टेशनची कारवाई, त्यातले ९२ बाहेर काढलेले, आणि व्हेटरन असेल तर काय तपासायचं त्याचे नियम होते पण ते सगळीकडे पाळले जात नव्हते. वाचून माझा संताप झाला. आईला मात्र तुम्ही रिपोर्टमधलं काही सांगितलं नाहीत, तिला हेक्टर बाराहासची गोष्ट सांगितलीत, पॅराट्रूपर, डिपोर्ट झाला, मेक्सिकोतल्या तिहुआनात डिपोर्ट झालेल्या व्हेटरन्ससाठी घर चालवलं आणि २०१८ मध्ये सिटिझन होऊन परत आला. त्या रात्री ती जेवली.

जजने डिपोर्टेशन रद्द केलं, दादा घरी आहे, सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची वाट बघतोय. आर्मीतून आलेलं कुणी ग्रीन कार्डवर असेल तर आजच ताईंसारख्या कुणाला तरी गाठा, लाइट जायची वाट बघू नका.

आणि ताई, आईने चिवडा आणि बेसनाचे लाडू पाठवलेत. ते फी म्हणून नाहीयेत, त्यामुळे परत पाठवायचे नाहीत.