मोजणी झाली, दगड कुठे आहेत?

महोदय,

बांधाच्या भांडणाच्या बातम्यांत 'मोजणी होऊनही वाद मिटेना' हे वाक्य हमखास येते. खेड्यात राहणाऱ्याला त्याचे नवल वाटत नाही. मोजणीदार निघून गेल्यावर शेतात उरतात त्या चुन्याच्या रेघा आणि चार लाकडी खुंट्या. पहिल्या पावसात चुना जातो, पहिल्या नांगरटीत खुंटी. मग राहतो तो कागद, तोही ज्याने अर्ज केला त्याच्याच कपाटात.

आमच्या शेजारच्या दोन गटांत हेच झाले. मोजणी दोघांनी मान्य केली, जबाबावर सह्याही केल्या. हद्दीचे दगड मात्र 'सुगी झाली की रोवू' म्हणून बांधालाच पडून राहिले. पुढच्या हंगामात ट्रॅक्टरवाल्याने वळण घेताना नांगराचे एक तास, म्हणजे एक सरी, जास्त काढले, एवढेच निमित्त झाले. दुसऱ्याने रातोरात सिमेंटचे खांब उभे करून तार ओढली. आता खांब खुणेच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगायला खूणच शिल्लक नाही. तारकुंपण हद्द ठरवत नाही. चुकीच्या जागी उभे राहिले तर ते फक्त भांडण पक्के करते.

कायदा याबाबत आंधळा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकाची आहे आणि खूण नष्ट करणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. पण खूण जागेवर असेल तरच ती नष्ट झाली म्हणता येईल ना! म्हणून दोन्ही शेजारी आणि पंच हजर असताना, मोजणीदाराच्या समोर, त्याच दिवशी दगड गाडावेत. निम्मा दगड जमिनीत जाईल असा खड्डा घ्यावा, फोटो काढावेत आणि कुंपण त्यानंतरच घालावे. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीची, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणीची, वाट आहे. खुंटी उपटणे ही वाट नव्हे.

सातबाऱ्यावरून वाद घालणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावे. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द नकाशा सांगतो. 'बारा वर्षे वहिवाट झाली, आता पट्टा आमचाच' हे पारावरचे कायदेज्ञान तर फारच महागात पडते. नुसता ताबा पुरत नाही. तो उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा होता हे कोर्टात सिद्ध करावे लागते. दरवर्षी वीतभर बांध कोरणाऱ्याला ते साधणे कठीण. मात्र ज्याची जमीन गेली त्यानेही वर्षानुवर्षे गप्प बसू नये. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, हे अनेकांना मुदत टळल्यावर कळते.

शासनाकडे मागणी एवढीच, की पक्के दगड रोवल्याची नोंद पंचनाम्यात झाल्याखेरीज मोजणीचे प्रकरण निकाली काढू नये. आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत अर्जदाराबरोबर सर्व लगतधारकांनाही द्यावी, वेगळा अर्ज आणि शुल्क न मागता.

– एक शेतकरी वाचक