सोयापेंड आपल्या रानातली, मग माशांचं खाद्य परगावचं का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीच्या पानावर चीनमधल्या कासवपालनाचा मजकूर वाचला. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या मऊ पाठीच्या कासवांना मासळीच्या कुटीऐवजी, म्हणजे वाळवून दळलेल्या मासळीऐवजी, सोयापेंड, माशीच्या अळ्या किंवा कोंबडीच्या कत्तलीनंतर उरणारा भाग देऊन पाहत आहेत, असा त्याचा आशय. कोल्हापुरात कुणाला याचं काय, असं पुष्कळांना वाटलं असेल. मी शिरोळ तालुक्यात क्षारपड पडलेल्या तुकड्यावर तळं खोदून रोहू-कटला वाढवतो आणि वरच्या रानात सोयाबीन घेतो. त्यामुळे मी ते दोनदा वाचलं.

आधी एक सांगतो, कारण पारावर दोघांनी लगेच विचारलं, "मग आपणही कासवं पाळायची का?" नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवं पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. कृष्णेच्या खोऱ्यातलं लीथचं मऊ पाठीचं कासव तर नामशेष व्हायच्या काठावर आहे. वीसनखी कासवाने पैशाचा पाऊस पडतो म्हणून जिवंत प्राण्याचा सौदा करणाऱ्यांची मला चीड येते. २०१९ च्या महापुरात माझ्या तळ्यातले मासे वाहून गेले आणि पाणी ओसरल्यावर गाळात एक कासव सापडलं. वनखात्याला कळवून ते नदीत सोडलं. अंबाबाईच्या देवळातल्या कासव चौकात आपण हात जोडतो, त्याची एवढी तरी जाण हवी.

आता खाद्याचं. चीनमध्ये दरसाल ३ लाख टनांहून जास्त कासवं तळ्यांत वाढवली जातात. हा प्राणी मुळात मांसाहारी. त्याच्या खाद्यात ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात. खाद्याचं पीठ पाणी आणि थोडं तेल घालून कणकेसारखं मळतात आणि गोळे करून देतात. त्या पिठात मोठा वाटा मासळीच्या कुटीचा. आणि १ किलो कुटीला ४ ते ५ किलो ताजी मासळी लागते. २०२३ मध्ये एल निनोमुळे पेरूने कुटीसाठी पकडल्या जाणाऱ्या अँकोव्ही माशांचा पहिला हंगामच रद्द केला, तेव्हा कुटीचे भाव जगभर चढले. खाद्याचा सगळा भार एका समुद्रावर टाकला की असं होतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारलीही कुटीच्या कारखान्यांत जाते. कोकणातल्या साध्या घरांत कालवणाला पडणारा तो मासा आहे, म्हणून हा हिशेब मला जास्त टोचतो.

सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात, पण तिला कुटीची सरळ बदली समजू नये. कासव असो वा मासा, सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते वरून घालावं लागतं. त्यातलं फायटिक आम्ल स्फुरद बांधून ठेवतं, आणि कासवाच्या हाडांना, पाठीला तर स्फुरद आणि कॅल्शियम दोन्ही लागतात. वासही लागतो. मांसाहारी प्राणी नुसत्या पेंडीला तोंड लावत नाही. पेंड आंबवून घेतली की यातल्या काही अडचणी कमी होतात. म्हणून कुटी पूर्ण काढत नाहीत, तिचा काही हिस्सा बदलतात.

यातली एक चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला घरचं कच्चं सोयाबीन दळून तळ्यात टाकलं. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, खात होती, वाढत नव्हती. पुढे कळलं की कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो आणि तो नीट उष्णता दिल्याशिवाय जात नाही. हे मला आधी सांगायला तालुक्यात कुणी नव्हतं.

रोहू-कटल्याची गोष्ट कासवापेक्षा सोपी. त्यांना २५ ते ३० टक्के प्रथिनं पुरतात. पूर्वीचे लोक भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा देऊन मासे वाढवत. आज आम्ही तरंगत्या खाद्याच्या गोण्या विकत आणतो आणि निम्म्याहून जास्त खर्च तिथेच जातो. त्याच वेळी २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मी माझा माल त्याहून कमीने घातला. एका दारातून सोयाबीन स्वस्तात जातं, दुसऱ्या दारातून त्याचीच पेंड गोणीत भरून महाग परत येते.

गोणीवर प्रथिनांचा आकडा छापलेला असतो, पण तो खरा कशावरून? एकदा शंका आली म्हणून मी एका गोणीचा नमुना तपासायला निघालो, तर जवळपास सोयच नव्हती. आणि तपासणीतही मेख आहे. नेहमीच्या पद्धतीत नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि आलेला आकडा प्रथिनं म्हणून लिहितात. उसाला युरिया टाकणाऱ्या शेतकऱ्याला यातली गोम लगेच कळेल: पेंडीत युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. नत्राबरोबर युरियाची वेगळी तपासणी झाली पाहिजे.

साखर कारखान्यांनी माती तपासायच्या सोयी उभ्या केल्या, तशीच खाद्य तपासणीची सोय जिल्ह्यात करावी. शिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आणि रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय मिळून इथल्या पाण्यात, इथल्या पेंडीवर चाचण्या घेऊ शकतील. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत छोट्या खाद्य गिरणीला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान ठेवलेलं आहे. सोयाबीन उत्पादक गटांनी आणि महिला बचत गटांनी एकत्र येऊन अशी एक गिरणी शिरोळ-हातकणंगलेत काढावी. मंडईच्या कचऱ्यावर खाद्यासाठी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवणंही जमेल, मात्र कचरा वेगळा केलेला हवा, कारण कचऱ्यातले कॅडमियमसारखे जड धातू अळीच्या अंगात साठतात.

चाचणीसाठी माझं तळं मी द्यायला तयार आहे. अर्धा एकर आहे. मधोमध जाळी लावली की दोन भाग होतात: एकात बाजारचं खाद्य, दुसऱ्यात आपल्या पेंडीचं. बोटुकली आणि मजुरी माझी, तपासणी विद्यापीठाने करावी.

आपला वाचक,
एक मत्स्यशेतकरी,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर