ज्यांच्या हाती चेंडू येत नाही

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
१४ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ राष्ट्रीय विजेता झाल्याची बातमी दादाने तुम्हाला वाचून दाखवली आणि तुम्ही फोनवर विचारलेत, की संघ नेमका कुणाच्या जोरावर जिंकला. इथे इतका जल्लोष चालला होता, की त्या वेळी धड बोलता आले नाही. आज रविवार आहे, बाहेर बर्फ आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

या खेळात चेंडू हातात घेऊन पुढे न्यायचा असतो. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. वर्तमानपत्रांत नावे येतात ती पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची, म्हणजे आमच्या जे. जे. मॅकार्थीची, किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्या ब्लेक कोरमची, ज्याने या हंगामात धावून २७ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला. पण त्यांच्या पुढे पाच धिप्पाड गडी ओळीने वाकून उभे असतात, त्यांना इथे ‘लाइन’ म्हणतात. त्यांच्यापैकी मधला गडी चेंडू दोन पायांमधून मागे देतो, तेवढाच काय तो त्या पाचांचा चेंडूशी संबंध. बाकी सारा वेळ समोरच्याला रेटायचे आणि मागच्यासाठी वाट मोकळी करायची. तुम्ही नारायण पेठेतल्या मंडळाकडून कबड्डी खेळायचात, तेव्हाची तुमची तक्रार मला आठवते, की पकड करणाऱ्याचे नाव होते आणि साखळी धरून चढाईपटूची वाट बंद करणाऱ्याला कुणी विचारत नाही. या पाच जणांचे अगदी तसेच आहे, आणि माझ्या मते हा हंगाम त्यांनीच जिंकून दिला.

सुरुवातीचे सामने एकतर्फी झाले, त्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. खरी कसोटी ११ नोव्हेंबरला लागली. प्रतिस्पर्ध्यांच्या खेळी सांगणाऱ्या खुणा आधीच टिपून ठेवल्याच्या प्रकरणावरून ‘बिग टेन’ या आमच्या विद्यापीठांच्या संघटनेने प्रशिक्षक जिम हार्बा यांना साखळीतल्या शेवटच्या तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर ठेवले, आणि तेही पेन स्टेट विद्यापीठाशी त्यांच्या मैदानावर होणाऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी. त्या प्रकरणाची चौकशी अजून चालू आहे आणि दोष असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, असे मला मनापासून वाटते. पण त्या दिवशी मैदानात उतरलेल्या मुलांचे कौतुक त्यामुळे कमी होत नाही. संघाची सूत्रे शेरॉन मूर यांच्याकडे आली. ते लाइनचेच प्रशिक्षक, आणि स्वतःही त्याच जागी खेळलेले. त्यांनी काय करावे? अधिकृत नोंदीप्रमाणे संघाने सलग ३२ वेळा चेंडू घेऊन नुसती धाव घेतली. उत्तरार्धात नोंदीत येईल असा एकही पास नाही. आपण काय करणार आहोत हे समोरच्याला ठाऊक असताना तेच पुन्हा पुन्हा करून दाखवायचे, याला निव्वळ ताकद पुरत नाही, पाच जणांची पावले एकाच क्षणी पडावी लागतात. सामना २४-१५ असा जिंकल्यावर मूर यांना मुलाखतीत अश्रू आवरेनात. पुढच्याच आठवड्यात मेरीलँडवरचा विजय हा विद्यापीठाचा एक हजारावा ठरला. तोवर इथल्या कोणत्याही विद्यापीठाने हा आकडा गाठला नव्हता.

२५ नोव्हेंबरचा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना मी मैदानात बसून पाहिला. या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे आपल्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानाच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यातला मोठा भाग जमिनीत खोदलेला असल्यामुळे बाहेरून त्याची कल्पनाच येत नाही. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागात १७-१७ अशी बरोबरी असताना लाइनमधला आमचा कर्णधार झॅक झिंटर खाली कोसळला. त्याच्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली होती. सारा संघ मैदानात आला, कित्येक जण गुडघ्यांवर बसले, आणि क्षणापूर्वी कानठळ्या बसवणाऱ्या त्या गर्दीत माझ्या शेजारच्या मुलीचा हुंदका मला स्पष्ट ऐकू आला. त्याला गाडीवरून नेले. एक गडी बाहेरच्या जागेवरून झिंटरच्या जागी सरकला, त्याच्या जागी राखीव खेळाडू आला, आणि लगेचच्याच डावात कोरम त्या नव्या रांगेमागून २२ यार्ड धावत थेट टचडाउनपर्यंत गेला. तिथे पोहोचल्यावर त्याने बोटांनी सहा आणि पाच अशी खूण केली, कारण झिंटरचा क्रमांक ६५. आम्ही ३०-२४ असे जिंकलो.

पुढे आयोवाला २६-० असे हरवले. १ जानेवारीला अलाबामाशी सामना जादा वेळात गेला आणि तिथे त्यांचा शेवटचा प्रयत्न टोकाच्या रेषेपासून अवघ्या तीन यार्डांवर आपल्या बचावफळीने रोखला. त्या वेळी माझ्या खोलीत कुणीच खाली बसू शकले नाही.

ह्यूस्टनला ८ जानेवारीला अंतिम सामना वॉशिंग्टनशी होता. देशातल्या सर्वोत्कृष्ट लाइनसाठी ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार असतो. तो २०२१ आणि २०२२ साली आमच्या संघाला मिळाला होता, या वर्षी मात्र वॉशिंग्टनला. आमच्या पाच जणांनी काय उत्तर दिले ते आकड्यांत पाहा: धावून ३०३ यार्ड. पहिल्याच भागात डॉनोवन एडवर्ड्सचे ४१ आणि ४६ यार्डांचे दोन टचडाउन, पुढे कोरमचे दोन. निकाल ३४-१३, पंधरापैकी पंधरा विजय, आणि १९९७ नंतरचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद.

दादाला सांगून या अंतिम सामन्याचे चित्रीकरण जरूर पाहा. एडवर्ड्सची पहिली धाव दोनदा पाहा: एकदा चेंडूकडे आणि दुसऱ्यांदा फक्त त्या पाच जणांच्या पायांकडे. साखळी धरताना तुम्ही पाय कसे रोवायचात आणि यांची पद्धत कुठे वेगळी पडते, ते मला तुमच्याकडून जाणून घ्यायचे आहे. पुढच्या रविवारी फोन करीन, तेव्हा तेवढे सांगा.

उद्या संक्रांत. आईने पाठवलेला तिळगूळ मिळाला, इथल्या मैत्रिणींना वाटते आहे. आईस व आजीस नमस्कार, दादास आठवण.

तुमची लेक