टाकीसोबत रोपही द्या : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पाणीपुरवठा मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

छतावरचं पावसाचं पाणी साठवा, असं आवाहन आपलं खातं करतं ते योग्यच आहे. पण सगळी चर्चा टाकीपाशी येऊन थांबते. ते पाणी ज्या बागेला घालायचं, त्या बागेत काय लावलंय हे कोणी विचारत नाही.

हिशेब पाहा. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस झाला, तर गळती-सांडलवंड वजा जाता ८०० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. २०० लिटरचा पिंप पहिल्या जोरदार सरीतच भरून वाहू लागतो. पुढचं सगळं गटारात. उलट २० चौरस मीटर हिरवळीला कडक उन्हात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं, तर तोच पिंप दोन दिवसांत रिकामा होतो. पिंप मोठा केल्यानं हे गणित फारसं बदलत नाही. झाडं बदलल्यानं बदलतं.

स्थानिक झाडं त्या मातीतल्या पावसाला आणि कोरड्या महिन्यांना सरावलेली असतात. कोणी पानं गाळतं, कोणी मुळं खोल नेतं, कोणी कंदात दडून पावसाची वाट पाहतं. पहिलं एक-दोन वर्षं मात्र त्यांना हात द्यावा लागतो, आणि साठवलेलं पाणी खरं तिथे उपयोगी पडतं. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदाच, सकाळी, बुंध्याभोवती खोल मुरेल असं द्यायचं. वर पाल्याचं आच्छादन, खोडाला न चिकटवता. ओसंडणारं पाणी घराच्या पायापासून दूर उथळ खड्ड्यात वळवलं, की जमीनच साठा करते.

अडचण रोपवाटिकेत आहे. तिथे ठरावीक शोभेची रोपंच मिळतात. घाणेरी हीसुद्धा बागेची शोभा म्हणूनच अमेरिका खंडातून जगभर गेली आणि आज अनेक देशांतली जंगलं व्यापून बसली आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : सरकारी रोपवाटिकांत स्थानिक बियांपासून रोपं तयार करून घ्या. यादी एकच नको. नदीकाठचं झाड खडकाळ उतारावर तितकंच परकं असतं, तेव्हा ती भागागणिक वेगळी हवी. टाकीला मदत देताना सोबत ही रोपं द्या, आणि झाकणावर बारीक जाळी सक्तीची करा. उघड्या पिंपात साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. खात्याच्या कार्यालयांपुढच्या हिरवळीपासून सुरुवात झाली, तर लोकांना ही बाग डोळ्यांनी बघता येईल.

बी रुजून रोप लावण्याजोगं व्हायला एखादा हंगाम तरी जातो. त्यामुळे बिया गोळा करण्याचे आदेश याच वर्षी निघावेत.

आपला विश्वासू,
एक बागप्रेमी नागरिक